उजव्या बाजूची मूठ

खुशालरावांनी चाकांची गोष्ट काढली तेव्हा त्यांची गोल्फच्या काठ्यांची पिशवी माझ्या खांद्यावर होती. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, आम्ही चाललो होतो, ते पुढे आणि मी मागे.

"पंजाबराव, या पिशवीले चाकं बसवता येतीन का?"

मला वाटलं, यांना सकाळी सकाळी थट्टा सुचली. "बसवता येतीन ना," मी म्हणालो. "पायजे तं भोंगा बी बसवतो."

ते हसले नाहीत. मागे न वळता म्हणाले, "भोंगा नको. चाकंच पायजे."

माझं डोकं सटकलं. ते लवकर सटकतं, हे आमच्या वर्कशॉपात सगळ्यांना माहीत होतं आणि घरी बायकोला, मैनाला माहीत होतं. मी एसटीत बॉडी फिटर होतो. पत्रा, पाइप, खिडक्यांच्या चौकटी, सीटा, सगळं या हातांखालून गेलेलं. पिशवीला चाकं बसवणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ. प्रश्न तो नव्हताच. चाकं बसल्यावर माझं काय काम उरणार, हा प्रश्न होता, आणि तो यांना पडलेला दिसत नव्हता.

आता बडनेऱ्यात गोल्फ कुठून आला ते सांगायला हवं. खुशालराव फौजेत हवालदार होते. शेवटची बरीच वर्षं एका छावणीत साहेब लोकांच्या गोल्फच्या मैदानाची देखरेख त्यांच्याकडे होती. गवत कापून घ्यायचं, पाणी मारून घ्यायचं, आणि माणूस कमी पडला की साहेबाची काठ्यांची पिशवी खांद्यावर घेऊन त्याच्या मागे चालायचं. हे रिटायर झाले त्या सुमारास बदलीवर निघालेल्या एका साहेबानं आपल्या जुन्या काठ्या, फाटक्या पिशवीसकट, यांना देऊन टाकल्या. त्या घेऊन हा माणूस गावी आला आणि पुतण्या जिथं काही पेरत नाही अशा मुरमाड बरडावर यानं आपलं मैदान मांडलं. जमिनीत पत्र्याचे डबे पुरले, प्रत्येक डब्याशेजारी एक काडी रोवून तिला लाल चिंधी बांधली, झालं मैदान. हिरवं म्हणाल तर तिथं फक्त बाभळी आहेत.

लोक हसायचे. "म्हातारा गोट्या खेळून राह्यला," म्हणायचे. खुशालराव आपले काठी फिरवत राहायचे.

माझी त्यांची ओळख उशिराची. मैना वारली आणि सकाळी घरात बसणं मला जमेनासं झालं. मुलगी दामिनी हैदराबादला असते. फोन करते, चौकशी करते, पण फोन ठेवला की घर आधीपेक्षा जास्त रिकामं वाटतं. आमच्या घरात मैना बोलायची आणि मी हुं हुं करायचो. आता कुकरची शिट्टी झाली की मी "आलो" म्हणतो. वेड लागलेलं नाही मला. कोणाला तरी उत्तर द्यायची सवय आहे, ती जात नाही.

असाच एका सकाळी बरडाच्या कडेनं चाललो होतो. हे गृहस्थ पिशवी उचलायला वाकले आणि कंबर धरून तिथंच खाली बसले. मी जाऊन त्यांना उठवलं, पिशवी माझ्या खांद्यावर घेतली आणि म्हणालो, "चला, कुठं जाचं ते सांगा." त्या दिवसापासून पिशवी माझ्याच खांद्यावर. सकाळी मी त्यांच्या घरासमोर रस्त्यावर उभा राहून "ओ हवालदार!" अशी हाक मारायचो. पुतण्याच्या घरातली सगळी पोरं-सुना मोबाइलमध्ये मान घालून बसलेली असायची. त्यातून हे एकटे वाट काढत बाहेर यायचे. मग मागच्या शेतातून, धुऱ्या-धुऱ्यानं, आम्ही बरडावर जायचो.

खेळ मला फारसा कळला नाही. ते काठी फिरवायचे, बॉल उडायचा, आणि ते उजवीकडे माझ्याकडे मान वळवून विचारायचे, "कुठं?" मी सांगायचो. बाभळीच्या अलीकडं. मुरमाच्या ढिगावर. त्या काळ्या कुत्र्याच्या पायाशी. मग आम्ही तिकडे जायचो. दर वेळी विचारायचे, अगदी बॉल नाकासमोर पडला तरी. फौजेतला माणूस आहे, रिपोर्ट घेतल्याशिवाय पुढे सरकत नसेल, असं मी धरून चाललो होतो. मधल्या वाटेत गप्पा. पिकाच्या, राजकारणाच्या, पुतण्याच्या सुनेनं भाजीत किती मीठ घातलं त्याच्या. घरी येईपर्यंत ऊन चढलेलं असायचं आणि दिवसाचा निम्मा डोंगर उतरलेला असायचा.

एवढंच होतं माझ्याकडे. आणि आता यांना चाकं हवी होती.

नाही म्हणता आलं असतं. पण काम समोर आलं की मला नाही म्हणता येत नाही. "चाकं अकोल्यालेच भेटतीन," मी जाहीर करून टाकलं. खरं तर अमरावतीतही मिळाली असती. पण अमरावती म्हणजे इथून उठलं आणि तिथं पोचलं. अकोल्याला गेलं की अख्खा दिवस जातो.

गाडीत खिडकीजवळ समोरासमोर बसलो. बाहेर तुरीला शेंगा धरल्या होत्या, हरभरा घोट्याएवढा झाला होता. स्टेशन आलं की खुशालराव विचारायचे, "मुर्तिजापूर आलं का?" समोर एवढ्या मोठ्या अक्षरांत पाटी असायची. मी "नाई अजून" म्हणायचो आणि माझ्या विचारात पुन्हा गढून जायचो. शेवटी राहवलं नाही.

"तुमाले चाकं काहून पायजे?" मी म्हणालो. "माहा खांदा काई दुखत नाई."

"तुमचा नाई दुखत. मले दुखते."

"म्हंजे?"

"साहेब पुढं, आमी मांग," ते म्हणाले. "मांग चालनाऱ्यानं बोलाचं नसते. इचारलं तं सांगाचं, नाई तं चूप. एवढी वर्सं दुसऱ्याची पिशवी वागवली मी. आता तुमी माही वागवता अन् माह्या मांग चालता. मले सकाळपासून तेच दिसत राह्यते. तुमी का माह्ये नोकर हाय?"

"मी कुठं म्हनलं नोकर हाय म्हनून?"

"तुमी नाई म्हनलं. पन पिशवी तं तुमच्याच खांद्यावर हाय ना."

यावर चांगलं काही बोलता आलं असतं. पण या सगळ्यातून मला एकच ऐकू आलं, की यांना माझी अडचण होऊ लागली आहे. मी तोंड फिरवून हरभरा बघत बसलो.

तरीही तो दिवस चांगला गेला, हे कबूल करायला पाहिजे. अकोल्याच्या बाजारात आम्ही दुकानं धुंडाळली. सामानाच्या बॅगेची चाकं बघितली, पोरांच्या सायकलीची बघितली, एका जागी तर खुशालरावांनी पांगुळगाडाच उचलून नाकाशी धरला. शेवटी फवारणीच्या पंपांच्या दुकानात, ओढायच्या पंपाला असतात तशी, रुंद, टणक प्लास्टिकची चाकं मिळाली. मी सामानाच्या बॅगेचीही एक जोडी घेतली. स्वस्तात काम झालं तर कशाला नको. तिथंच रस्त्यावर उभं राहून आम्ही आलूबोंडे खाल्ले. मिरची तिखट निघाली. खुशालरावांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मी इतका हसलो की बाजूचा माणूस वळून बघायला लागला. मैना गेल्यावर असा मी हसलो नव्हतो. परतीच्या गाडीत हे खिडकीला डोकं टेकून झोपले. मांडीवर चाकं घेऊन मी मात्र जागा होतो. ही पिशवी झाली की असा दिवस पुन्हा येणार नाही, हे मनातून जात नव्हतं.

काम सुरू केलं. भंगारातून जुन्या बसचे ॲल्युमिनियमचे पाइप आणले. पिशवीच्या तळाला पाइपाची चौकट, चौकटीतून आस, आसाच्या दोन टोकांना चाकं. पिशवी उभी केली की तळावर ठाम बसली पाहिजे, कलवली की चाकांवर आली पाहिजे. आत काठ्या एकमेकींवर आपटून खडखड करतात, म्हणून पाण्याच्या नळाचे पाइप कापून प्रत्येक काठीला तिची खोली करून दिली. बाजूला बॉलचा कप्पा, पाण्याच्या बाटलीचा कप्पा, आणि एक लहानसा कप्पा तंबाखूच्या डबीसाठी, कारण साहेब लोकांचं माहीत नाही पण हवालदारांना ती लागते.

शिवण मैनाच्या मशीनवर केली. सीटांची कव्हरं शिवायला मी वर्कशॉपात शिकलो होतो, पण या मशीनला मैनानं मला कधी हात लावू दिला नाही. ती गेल्यावर मशीनवर कापड झाकलं होतं ते तसंच होतं. ते काढलं तर सुईत लाल दोरा ओवलेला. कोणाचं तरी ब्लाउज अर्धं राहिलं असणार. मी तो दोरा काढला आणि मला रडू आलं. जाड ताडपत्रीत दोन सुया मोडल्या. मैना असती तर घर डोक्यावर घेतलं असतं तिनं.

पहिली चाचणी खुशालरावांच्या घरामागच्या शेतात झाली. बरडावर जायच्या आधी काळ्या जमिनीचा एक पट्टा लागतो, पुतण्याचा गहू असतो तिथं, आणि पाणी दिलेलं असलं की पाऊल टाकलं तरी चप्पल वर येत नाही. सामानाच्या बॅगेची चाकं लावून बघितली होती. धुऱ्यावरून उतरलो आणि चार हात गेल्यावर चाकं दिसेनाशी झाली. मातीचे दोन लाडू फरपटत येत होते मागे.

"हे विमानतळावरची चाकं हायेत," मी म्हणालो. "आपल्या मातीची त्याईले सवय नाई."

"मंग इमान आना इथं," खुशालराव म्हणाले.

मग पंपाची चाकं लावली. रुंद असल्यामुळे रुतली नाहीत, पण माती धरायला लागली. म्हणून प्रत्येक चाकामागे एक लोखंडी पट्टी बसवली, चाक फिरलं की माती खरवडून खाली पाडणारी. ते जमलं. मग तोल चुकला. आस फार पुढे घेतला होता, त्यामुळे दांडी हातातून वर उचलली जायची. बैलबंडीत मागच्या अंगाला जास्त माल भरला की जू वर उचलतं, त्याला आपल्याकडे उलाळ म्हणतात, तसं. लहानपणी तिवश्याजवळच्या आमच्या गावी बाप मला बंडीच्या मागच्या टोकाला बसू द्यायचा नाही. आस चार बोटं मागे घेतला. आता पिशवी कलवून धरली तर हातावर वजन जाणवायचं, पण मनगटाला ओढ लागायची नाही.

दांडी किती लांब ठेवायची यासाठी खुशालरावांना भिंतीशी सरळ उभं करून हाताचं माप घेतलं.

"नवरदेवाचं माप घेऊन राह्यले का?" ते म्हणाले.

"हलू नका."

या सगळ्याला बरेच दिवस लागले. ते रोज दुपारी माझ्या शेडमध्ये यायचे, खाटेवर बसायचे, मधूनच एखादी खोट काढायचे. सकाळी बरड, दुपारी शेड. मी एवढा सुखात कधी नव्हतो, आणि ते सुख मी स्वतःच्या हातानं संपवत चाललो होतो. एकदा मनात आलं, एखादा जोड सैल ठेवला तर? मग दर आठवड्याला दुरुस्ती. पण तसं काम माझ्या हातून झालंच नाही. करायला बसलो की आपोआप चांगलंच व्हायचं.

शेवटी दांडी बसवली आणि पिशवी अंगणात उभी केली. देखणी दिसत होती. खाकी ताडपत्री, काळे पट्टे, वर आडव्या दांडीला दोन्ही टोकांना सायकलच्या रबरी मुठी. खुशालराव पुढे झाले, डाव्या टोकाची मूठ धरली आणि ओढायला लागले. पिशवी भलतीकडेच वळली. त्यांनी ती सरळ केली, पुन्हा ओढली, पुन्हा वळली. मग त्यांनी दांडीवरून हात फिरवत नेला तो दुसऱ्या टोकाच्या मुठीपर्यंत, आणि मोठ्यानं हसले.

"पंजाबराव, हे तं जू बनवलं तुमी! दुसरा बैल कुठं हाय?"

मी बघतच राहिलो. खरंच होतं. माणसाच्या हाताएवढी दांडी पुरली असती, ती मधोमध असायला हवी होती. मी मात्र आडवा पाइप रुंदच्या रुंद घेतला होता आणि दोन्हीकडे धरायला मुठी बसवल्या होत्या, दोघांनी दोन बाजूंनी ओढावी तशा. एवढे दिवस काम केलं, माप घेतलं, आणि हे माझ्या एकदाही लक्षात आलं नाही. आमच्या घरी ओढायची वस्तू म्हटली की ती दोघांनीच ओढायची असते. त्यात विचार करण्यासारखं काही नसतं.

त्यांनी थट्टेनं विचारलं होतं. मला ते थोबाडीत बसल्यासारखं लागलं. मी आत गेलो, करवत आणली आणि त्यांच्यासमोर उजव्या बाजूची मूठ पाइपासकट कापून टाकली. थोडा खुंट राहिला तेवढा राहिला.

"घ्या," मी म्हणालो. "एका बैलाची बंडी."

"अहो, मी तं हसून राह्यलो होतो."

"हसा ना. मी का नाई म्हनतो?"

ते पिशवीवरून हात फिरवत राहिले, कप्पे उघडून बघितले, तंबाखूच्या डबीचा कप्पा सापडल्यावर काहीतरी पुटपुटले. जाताना फाटकात थांबून म्हणाले, "काम लय झ्याक केलं तुमी. आता तुमाले तरास नाई. आराम करजा."

आराम करजा! दुसऱ्या सकाळी नेहमीसारखी जाग आली. चप्पल घातली, फाटकापर्यंत गेलो आणि परत आलो. हाक मारायची ती कशासाठी? पिशवी उचलायला माणूस लागत होता, आता लागत नाही. त्यांना वाटलं तर ते येतील. त्यांचे पाय काही मी कापले नव्हते.

ते आले नाहीत. मीही गेलो नाही.

कणीक एकट्यापुरती मळता येत नाही, हे मला नव्यानं कळलं. कितीही कमी घेतली तरी एक पोळी उरते. दामिनीचा फोन आला, "बाबा, सकाळी फिरायला जाताय ना खुशालकाकांसोबत?" मी म्हणालो, "हो, रोजच." टीव्हीवर काय चाललंय ते न बघता मी टीव्ही लावून ठेवायचो. शेडमध्ये कापलेली मूठ पडली होती ती उचलून खिळ्याला टांगली, मग काढून पेटीत टाकली, मग पुन्हा टांगली. दुपारी खाट रिकामी असायची. तिच्यावर मी सामान ठेवायला लागलो, म्हणजे ती रिकामी दिसू नये. मनातल्या मनात खुशालरावांशी भांडणं व्हायची आणि ती सगळी मीच जिंकायचो. जिंकून काय करायचं ते कळत नव्हतं. मला त्यांची आठवण येत होती, बस, दुसरं काही नाही.

मग एका सकाळी चहा गाळताना एकदम आठवलं. आसाच्या डाव्या टोकाला मी नट लावला होता, पण त्याच्यावरचा दुसरा नट, पहिला सैल होऊ नये म्हणून लावतात तो, लावायचा राहिला होता. मूठ कापायच्या भानगडीत राहिला. देवाशपथ, मुद्दाम केलं नव्हतं. एवढ्या दिवसांत खडबडीत मुरमावर फिरून तो नट आता सुटायला आला असणार. चाक निघेल, पिशवी आडवी होईल आणि तिच्यासोबत दुखऱ्या कंबरेचे खुशालरावही पडतील. चहा तसाच ठेवला. खिशात नट टाकला, पाना घेतला आणि निघालो.

त्यांच्या घरासमोर थांबलो नाही. मागच्या बाजूनं शेतात शिरलो. गव्हाला नुकतंच पाणी दिलेलं होतं. काळ्या मातीत पिशवीच्या चाकांचे दोन पट्टे स्वच्छ उमटले होते, माती खरवडणाऱ्या पट्ट्या आपलं काम करत होत्या. पण पट्टे सरळ गेलेले नव्हते. जरा गेले की वळायचे, मग ओढून सरळ केलेले, मग पुन्हा वळलेले. दांडीला एकाच टोकाला मूठ उरली होती, दुसरं काय होणार? मी रागाच्या भरात कापली ती कापली, उरलेली मधोमध घ्यायचं माझ्या लक्षातही आलं नव्हतं. आणि या माणसानं इतके दिवस ती तशीच ओढली, तक्रार घेऊन आला नाही. त्यांची पावलं चाकांच्या डाव्या बाजूला होती. उजव्या बाजूला नुसती माती होती.

धुऱ्यावर चढलो तेव्हा ते बरडावर दिसले. पाठमोरे होते. पिशवी बाजूला ठामपणे उभी होती. त्यांनी काठी फिरवली, बॉल उडाला, उन्हात चमकला आणि बाभळीच्या डाव्या अंगाला पडला. इतक्या लांबून मला तो स्पष्ट दिसला.

खुशालरावांनी उजवीकडे मान वळवली.

"कुठं?" ते म्हणाले.

त्यांच्या उजवीकडे कोणी नव्हतं. ते तसेच मान वळवून थांबले. उत्तर येईल असं वाटणाऱ्या माणसासारखे थांबले, थोडा जास्तच वेळ. मग पिशवीची मूठ धरून चालायला लागले, बाभळीच्या उजवीकडे, जिथं बॉल नव्हता तिकडे. तिथं पोचल्यावर गुडघ्यांवर बसले, आणि हातांनी जमीन चाचपायला लागले. मुरमाचा एक दगड उचलला, नाकाशी धरला, टाकला. दुसरा उचलला.

गाडीतल्या पाट्या मला आठवल्या. नाकाशी धरलेला पांगुळगाडा आठवला. दांडीवरून दुसऱ्या मुठीपर्यंत फिरवत नेलेला हात आठवला. इतके महिने मी यांची पिशवी वागवतो या तोऱ्यात होतो. पिशवीचं काय, ती कोणीही उचलली असती.

हाक मारायची होती, "ओ हवालदार" म्हणायचं होतं, ते काही तोंडातून निघेना. निघालं ते भलतंच.

"बाभयीच्या डाव्या अंगाले!" मी धुऱ्यावरून ओरडलो. "तुमी उजवीकडं गेले! डाव्या अंगाले, खोडापासून दोन हात!"

खुशालराव जागच्या जागी थांबले. वळून बघितलं नाही त्यांनी. हातातला दगड टाकला, गुडघ्यावर हात ठेवून हळूच उठले, बाभळीला वळसा घातला, खोडापासून दोन हातांवर वाकले आणि बॉल उचलला. तो त्यांनी शर्टाला पुसला. पुसतच राहिले.

मी जाऊन पोचलो तरी पुसतच होते.

"एक नट राह्यला होता," मी म्हणालो.

"मंग लावा."

मी खाली बसून नट लावला, पान्यानं आवळला. चाक हलवून बघितलं. ते वर उभे होते. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत पांढुरका पडदा होता, तो मला आत्ता दिसला, म्हणजे बघितला मी आत्ता.

"दांडी बी तिरपी हाय," मी म्हणालो. "मधात घ्या लागीन."

"नका घेऊ मधात," खुशालराव म्हणाले. "ते कापलेली मूठ ठेवली का फेकली?"

"हाय. खिळ्याले टांगली हाय."

"मंग जोडून द्या जशीच्या तशी. मांग चालनारा नको होता मले, पंजाबराव. एवढंच म्हनलं होतं मी गाडीत."

मी उजव्या बाजूच्या खुंटाला हात घातला. कापलेल्या पाइपाची कड बोटाला लागली. डावी मूठ त्यांनी धरली. पिशवी आता वळली नाही, सरळ चालली, आम्ही मोकळ्या जागी येऊन थांबलो. त्यांनी बॉल खाली ठेवला, पायानं जरा चाचपून त्याची जागा नक्की केली आणि काठी फिरवली.

"कुठं?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं.